जुनी मियाटा, थकलेला एसी: ह्यूस्टनच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

गाडी १९९५ ची माझदा मियाटा. दोन सीटची, कापडी टपाची, १.८ लिटर इंजिन, मीटरवर १ लाख ३१ हजार मैल. मुक्काम ह्यूस्टनजवळ शुगर लँडला. तक्रार एकच: एसी चालतो, पण थंड करत नाही. हायवेवर बरा असतो, सिग्नलला थांबलं की गरम हवा येते. जुन्या दोन सीटर गाडीवर काम करणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. तापमानं फॅरनहाइटमध्ये, दाब पीएसआयमध्ये, कारण इथली गेजं त्याच आकड्यांची असतात.

शनिवार, १ जून २०२४

सुरुवात आधीच्या चुकीपासून करतो. मे महिन्यात पार्ट्सच्या दुकानातून १२ औंसांचा गॅसचा डबा आणला होता, वर छोटं गेज लावलेला, ४५ डॉलरचा. ते गेज फक्त लो साइडचा, म्हणजे गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब दाखवतं. काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत गॅस भरत राहायचं, असं डब्यावर छापलेलं. मी सगळा डबा रिकामा केला. दोन दिवस वाटलं की फरक पडला. मग सिग्नलला पूर्वीपेक्षा जास्त गरम हवा येऊ लागली. गॅस भरण्याचा आणि या बिघाडाचा संबंध असेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आज पहिल्यांदा नीट मोजलं. १२ डॉलरचा थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचला. बाहेर ९४, काचा बंद, आतलीच हवा फिरती ठेवून, ब्लोअर ४ वर. इंजिन १५०० आरपीएमला धरलं तर व्हेंटला ६३. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ६८ आणि हळूहळू चढतच होतं.

नाना, म्हणजे माझे सासरे, सहा महिन्यांसाठी रत्नागिरीहून आलेत. मिरकरवाडा बंदरावरच्या बर्फ कारखान्यात त्यांची ३१ वर्षं गेली. तिथे अमोनियाचा प्लँट, इथे तळहाताएवढं यंत्र, पण ते खुर्ची घेऊन गॅरेजमध्ये बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जावईबापू, हेड किती आहे?" हेड म्हणजे हाय साइडचा, कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब. माझ्याकडे ते मोजायचं साधनच नव्हतं.

रविवार, २ जून

दुकानातून अनामत ठेवून दोन गेजांचा संच आणला. परत केला की पैसे परत मिळतात, त्यामुळे विकत घ्यायची गरज नाही.

इंजिन बंद असताना दोन्ही काटे १०४ वर. गॅरेजमध्ये ९० अंश होतं. या एसीतल्या आर-१३४ए गॅसचा ९० अंशांना दाब १०४च असतो. मी खूश झालो की गॅस भरपूर आहे. नानांनी थांबवलं. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी बंद यंत्रात हाच आकडा दिसणार. घरच्या सिलिंडरचंही तसंच: अर्धा असो वा पूर्ण, दाब सारखाच, कळतं ते वजनावर. बंद गाडीत दाब बघून फक्त "अगदी रिकामी नाही" एवढंच समजतं.

इंजिन चालू करून १५०० ला: लो ५२, हाय ३१०. दोन्ही जास्त. लो साधारण ३५ च्या आसपास हवा, कारण ३५ पीएसआयला हा गॅस ४० अंशांना उकळतो. ५२ म्हणजे आतली हवा थंड करणारी कूलिंग कॉइलच मुळात ५५ च्या पुढे. मग व्हेंटला ६३ येणार नाही तर काय.

कॉम्प्रेसर गेला असता तर लो वर आणि हाय खाली दिसलं असतं. इथे दोन्ही वर आहेत. म्हणजे गॅस जास्त, किंवा आत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सरला, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांना, वारा नाही. मी तिसरं कारण धरलं आणि पुढची जाळी काढून कंडेन्सर धुतला. किडे निघाले, माती निघाली. दोन तास गेले. हाय ३१० वरून ३०० झालं, एवढंच.

शनिवार, ८ जून

नाना म्हणाले, "हेड चढतंय म्हणजे कंडेन्सर उपाशी आहे. वारा नाही ना, मग पाणी मारून बघा." त्यांच्या कारखान्यात कंडेन्सरच्या नळ्यांवर चोवीस तास पाणी पडतं, त्यामुळे त्यांना ते आधी सुचलं. बागेच्या पाइपची बारीक फवार कंडेन्सरवर धरली. मिनिटाभरात हाय ३०० वरून २२० ला आलं आणि व्हेंट ६३ वरून ५५ ला. या सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी हीच. पाण्याने हेड इतकं पडतं, याचा अर्थ उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाहीये.

मग खाली वाकून बघितलं. या गाडीला रेडिएटरमागे दोन पंखे आहेत आणि एसी लावला की दोन्ही फिरायला हवेत. फिरत होता एकच. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. एका पंख्याचा आवाज येत होता, म्हणून पंखे चालू आहेत असं मी धरून चाललो होतो. हायवेवर थंड आणि सिग्नलला गरम यामागचं कारणही हेच: गाडी पळत असली की वारा आपोआप मिळतो.

रविवार, ९ जून

काल संध्याकाळी घाईने नवी रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा स्विच, आणली, २४ डॉलर. लावली, पंखा ढिम्म. इलेक्ट्रिकचा भाग उघडला की दुकान परत घेत नाही, ते पैसे गेले. खरं म्हणजे बॉनेटखाली तशाच दिसणाऱ्या रिले असतात. नंबर जुळतो का बघून अदलाबदल केली असती तर फुकटात कळलं असतं.

आज पंख्याचा प्लग काढून बॅटरीवरून थेट वायर दिली. मोटर गुणगुणली, एक हिसका दिला आणि थांबली. हाताने फिरवून दिली तर चालली, पुन्हा थांबली. आतले कार्बन ब्रश संपलेले. नवा पंखा ६८ डॉलर, बसवायला दीड तास. काढताना आणि घालताना रेडिएटरवर जाड पुठ्ठा लावा. त्या पात्या नखानेसुद्धा वाकतात.

पंखा बसल्यावर बाहेर ९५ असताना लो ४७, हाय २६०, व्हेंट ५८. सुधारणा खरी, पण अर्धवट. दोन्ही काटे अजून वरच. आता मे महिन्यातला तो डबा आठवला.

आणखी एक गोष्ट नानांनी पकडली. ब्लोअर ४ वर ठेवला की आवाज मोठा येतो, पण हात धरला तर वारा कमी. वीस मिनिटं चालवूनही केबिन ८४ च्या खाली उतरेना. व्हेंटचा थर्मामीटर हवा किती थंड ते सांगतो, किती येते ते सांगत नाही. मी आठवडाभर एकाच आकड्याकडे बघत बसलो होतो.

शनिवार, १५ जून

गॅस हवेत सोडून देणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी सोडला नसता. म्हणून गॅस काढून घेणारं यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्ये गेलो, ९० डॉलर. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की निघालेल्या गॅसचं वजन मला लिहून द्या. बॉनेटखालच्या लेबलावर जेवढं लिहिलंय त्यापेक्षा ८ औंस जास्त निघालं.

मी डबा घातला होता १२ औंसांचा. म्हणजे मे महिन्यात गाडीत फक्त ४ औंस कमी होते. जवळपास तीस वर्षांच्या गाडीतून एवढं जिरपणं काहीच नाही. एसी कमजोर झाला होता पंख्यामुळे, आणि मी त्यावर गॅस ओतला.

रविवार, १६ जून

यंत्रणा रिकामी आहे तोवर कूलिंग कॉइल काढायची ठरवली. मियाटामध्ये ती ग्लोव्हबॉक्सच्या मागे, ब्लोअर आणि हीटरच्या मधल्या डब्यात बसते. दोन पाइप फायरवॉलमधून, म्हणजे केबिन आणि इंजिनच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीतून, इंजिनच्या बाजूला जातात. ते सोडवल्याशिवाय डबा निघत नाही, म्हणूनच गॅस रिकामा असताना हे काम करायचं.

इथे मोठी चूक केली. जाड पाइपचा नट घट्ट बसलेला. मी एकच पाना लावला आणि जोर दिला. नट फिरला, पण त्याच्यासोबत ॲल्युमिनियमचा पाइपही पिळला गेला आणि त्याला चीर पडली. असल्या जोडावर नेहमी दोन पाने लावायचे: एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने समोरचा भाग जागेवर धरून ठेवायचा. आदल्या दिवशी जोडावर तेल सोडून ठेवलं असतं तर जोरही लागला नसता. जुना पण चांगला पाइप भंगारातून मागवला, ८५ डॉलर आणि दोन आठवडे.

डबा उघडल्यावर मात्र केलेल्या कष्टांचं चीज झालं. कॉइलच्या ब्लोअरकडच्या तोंडावर नमद्यासारखा थर होता: लाइव्ह ओकची बारीक पानं, पाइनच्या सुया, धूळ, केस. या गाडीला केबिन फिल्टरच नाही. काचेखालच्या जाळीतून जे आत पडतं ते ब्लोअर सरळ कॉइलवर नेऊन आपटतो. सगळा कचरा काढला तर चहाचं पातेलं भरलं. कॉइल साबणाच्या कोमट पाण्याने उलट्या बाजूने धुतली, तोंडं बंद करून. पाणी सुरुवातीला काळं आलं, सहाव्या बादलीला स्वच्छ. डब्याच्या तळाची पाणी निघायची नळीही चिखलाने बुजलेली होती. पावसाळी दिवसांत पायाखालचा गालिचा ओला का व्हायचा, हे त्यावरून समजलं.

कॉइलमध्ये गॅस मापात सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह हाताशी आलाच होता, म्हणून नवा घातला, ३२ डॉलर. ड्रायरची बाटलीही आजच बदलून टाकली. ती का बदलायला नको होती ते पुढे.

शनिवार, २९ जून

पाइप आला. दरम्यान सगळी उघडी तोंडं प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँडने बांधून ठेवली होती. पण नवा ड्रायर या दमट हवेत तेरा दिवस तसाच पिशवीच्या भरवशावर. ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. ते उघडे राहिले की हवेतलंच पाणी पिऊन बसतात. ड्रायर सगळ्यांत शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या दिवशीच उघडायचा. दुसरा आणला. एका ड्रायरचे ३८ डॉलर वाया.

रविवार, ७ जुलै

सगळे जोड नव्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, घालून, तेल लावून, दोन पान्यांनी आवळले. ओ-रिंगचा संच १४ डॉलर, तेल १३. तेल कॉम्प्रेसरच्या माहितीत जे लिहिलंय तेच घ्या, "सगळ्याला चालतं" असं लिहिलेलं नको. कॉइल, पाइप आणि ड्रायर बदलताना जितकं तेल निघालं असेल तितकंच परत घालायचं.

आतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंपही अनामत ठेवूनच आणला. ४५ मिनिटांत काटा २९ इंचांवर, म्हणजे आत जवळपास पूर्ण पोकळी. व्हॉल्व्ह बंद करून जेवायला गेलो. अर्ध्या तासाने बघतो तर २४. कुठेतरी गळती.

नानांनी त्यांच्या कारखान्यातली रीत सांगितली. अमोनिया गळतोय अशी शंका आली की गंधकाची वात पेटवून जोडाजोडांवरून फिरवायची. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. आमच्या गॅसला वास नाही, असा धूरही नाही. संध्याकाळ झाली होती, वादळाचा इशारा होता. गाडीवर ताडपत्री टाकून दार ओढून घेतलं.

८ ते १२ जुलै

सोमवारी पहाटे बेरिल चक्रीवादळ आलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमचीही. घर शाबूत राहिलं, मागच्या अंगणातली एक मोठी फांदी कुंपणावर पडली. त्यानंतरचे दिवस ऊन आणि घाम. घरात एसी नाही, आणि घरातली ही एक गाडी एसी उघडून ठेवलेली. बायकोची गाडी होती. पेट्रोलसाठी रांगा होत्या, तरी दुपारी नानांना त्यात बसवून तासभर फिरवून आणायचो. पंचाहत्तरीचा माणूस माझ्या चुकांमुळे लांबलेल्या कामाशेजारी घामाघूम बसलाय, हे बघवत नव्हतं. ते मात्र म्हणाले, "वीज गेली की कारखान्यात काय करायचो माहीत आहे? जोड तपासायचो. यंत्र चालू असताना कधी वेळ मिळतो?"

पंप चालणार नव्हता, म्हणून टॉर्च घेऊन एकेक जोड उघडून बघत बसलो. मी सोडवत होतो, नाना उजेड धरत होते. चौथ्या जोडावर त्यांनीच दाखवलं. फायरवॉलजवळच्या बारीक पाइपच्या खोबणीत जुनी ओ-रिंग तशीच चिकटलेली होती, वर्षानुवर्षांच्या तेलाने काळी पडलेली, धातूपासून वेगळी ओळखू येत नव्हती. मी तिच्यावरच नवी चढवली होती. दोन रिंगांत एकही धड बसलेली नव्हती. लाकडी दातकोरण्याने जुनी काढली. खोबणीत लोखंडी टोक घालू नका, ओरखडा पडला की तो जोड कायमचा गळका.

उरलेले सगळे जोडही उघडून बघितले. बाकी ठीक होते.

शनिवार, १३ जुलै

काल रात्री वीज आली. सकाळी आधी फ्रिज साफ केला, मग पंप लावला. एक तास चालवला, २९. बंद करून दोन तास थांबलो. काटा हलला नाही.

गॅस वजनावर भरला. डबा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, शेजारी लेबलावरचा आकडा मोठ्या अक्षरांत कागदावर. डबे दोन, ११ डॉलरचा एक. दुसऱ्यात थोडा गॅस उरला. डबा उभा धरायचा, म्हणजे वाफ जाते. उलटा धरला तर द्रव सरळ कॉम्प्रेसरमध्ये शिरू शकतो. इंजिन चालू असताना गेजची हाय साइडची चावी चुकूनही उघडायची नाही, तो सगळा दाब उलटा डब्यात जातो आणि डबा फुटू शकतो. ही चावी मी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती.

बाहेर ९२. १५०० आरपीएमला लो ३४, हाय २१५. व्हेंट ४९. आयडलला ५३. वारा आता जोरात येत होता, समोरचा कागद उडाला.

नाना हात धरून बसले होते. म्हणाले, "काटे बरोबर आहेत. मग हवा अजून चार-पाच अंश खाली यायला हवी. कुठून तरी ऊन येतंय."

रविवार, १४ जुलै

नानांचं "ऊन" म्हणजे गरम पाणी. या गाडीत हीटरच्या कॉइलमधून कढत पाणी सारखं फिरत असतं, उन्हाळा असो वा हिवाळा. तापमानाची कळ थंडवर ठेवली की केबलने एक झडप मिटते आणि हवा हीटरला वळसा घालून जाते. झडप पुरती मिटली नाही तर थंड केलेली हवा पुन्हा थोडी तापून बाहेर येते.

खात्री करायला हीटरचा एक होज मऊ जबड्याच्या क्लँपने हलकेच दाबला. पाच मिनिटांत व्हेंट ४९ वरून ४४. दुसरा पुरावा नको होता.

केबलची क्लिप सैल केली, कळ पूर्ण थंडकडे ठेवली, खालचा लिव्हर हाताने शेवटपर्यंत ढकलून क्लिप परत लावली. दहा मिनिटं, शून्य खर्च. होज मोकळा करूनही ४४च. बहुधा आधीच्या कुणी मालकाने डॅशमध्ये काम करताना ती क्लिप एक खाच चुकवून लावली असावी.

आज पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर क्रम असा लावला असता: पंखे डोळ्याने बघणं, होज दाबून बघणं, ब्लोअरपाशी टॉर्च मारून पानं बघणं. तिन्ही मिळून अर्धा तास, आणि गॅसला हातही लावावा लागत नाही. मग गेज.

शनिवार, २० जुलै

खर्च जोडला. गेजवाला डबा ४५, थर्मामीटर १२, रिले २४, पंखा ६८, गॅस काढणं ९०, दोन ड्रायर ७६, ओ-रिंग १४, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह ३२, पाइप ८५, तेल १३, गॅस २२. एकूण ४८१ डॉलर. यातले डबा, रिले, पाइप आणि एक ड्रायर मिळून १९२ निव्वळ माझ्या चुकांचे. वेळ सात आठवडे, प्रत्यक्ष हातातलं काम साधारण तीस तास.

दुपारी एक वाजता, मुद्दाम भर उन्हात, नानांना घेऊन गॅल्व्हस्टनला गेलो. बाहेर ९५. हायवेवर ४३. बेटावर समुद्राकाठच्या रस्त्याला गर्दी होती, एका सिग्नलला चार मिनिटं अडकलो, ४९ वर जाऊन थांबलं, पुढे चढलं नाही. बंदरावर कोळंबीच्या बोटी लागल्या होत्या. नाना उतरून बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. बर्फ कुठून भरतात ते त्यांना बघायचं होतं. परत येऊन बसले तेव्हा घामाने शर्ट चिकटला होता. दोन्ही व्हेंट त्यांनी स्वतःकडे वळवून घेतले आणि शुगर लँड येईपर्यंत तसेच ठेवले.

शनिवार, १७ ऑगस्ट

बाहेर ९८. १५०० ला ४५, आयडलला ५०. गेज पुन्हा लावलं नाही, दर वेळी लावताना-काढताना थोडा गॅस जातोच. काचेखालच्या जाळीला आतून बारीक स्टीलची जाळी शिवून टाकली आहे. महिन्याभरात तिच्यावर मूठभर पानं जमली होती, ती काढली.